वस्तीतल्या घरांचं खाणं सुधारायचं तर सुरुवात कुठून करायची? ग्रुपमध्ये वाद चाललाय

खिडकीपाशी:
नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय, सांभाळून घ्या. आमचा मित्रमंडळींचा एक ग्रुप आहे, सगळे नोकरीवाले, सुट्टीच्या दिवशी एका वस्तीत मुलांचा अभ्यास घेतो. घरं बहुतेक एका खोलीची, कमावणारी माणसं रोजंदारीवर नाहीतर घरकाम, हमाली, बांधकाम असली कामं करणारी. मुलं अभ्यासाला येतात तीच मुळी हातात वेफर्सचं पाकीट नाहीतर क्रीमची बिस्किटं घेऊन, आणि थोड्या वेळात पेंगायला लागतात. बऱ्याच आयांचं रक्त कमी, काही घरांत ऐन चाळिशीत शुगर निघालीय. एकाच घरात आईचं वजन वाढलेलं आणि पोरगं हडकुळं असंही दिसतं, हे तर मला कळतच नाही, खाणं एकाच चुलीवरचं ना?

तर खाण्याचं काहीतरी करूया असं ठरलंय, पण काय करायचं यावर ग्रुपमध्ये दोन तट पडलेत. एक गट म्हणतो आहारतज्ज्ञ बोलवू, व्याख्यान ठेवू, रंगीत तक्ते छापून दारोदार वाटू. दुसरा म्हणतो तक्त्याने पोट भरत नाही, वर्गणी काढून महिन्याला फळं, दूध पावडर, कडधान्यं असं पाकीट देऊ. मला दोन्ही पटत नाहीये आणि तिसरं काही सुचतही नाहीये. लोक असं खातात ते माहिती नसते म्हणून, पैसे नसतात म्हणून, का नुसती सवय? ज्यांनी असं काम केलंय किंवा स्वतः अशा घरात वाढलेत त्यांनी प्लीज लिहा. कुणाला उपदेश वाटेल असं काही करायचं नाहीये, एवढी एकच अट.

स्पष्टवक्ता:
सवय हो, दुसरं काही नाही. मोबाईलच्या रिचार्जला पैसे असतात, तंबाखूला असतात, भाजी म्हटली की लगेच महागाई आठवते. कडधान्यं आणि पालेभाजी वेफर्सपेक्षा स्वस्त पडते, एकदा कागदावर हिशोब मांडून दाखवा त्यांना. आणि फुकट काही देऊ नका, मग त्याचीच सवय लागते.

दुपारची_सावली:
स्पष्टवक्ता, हिशोब मी मांडते ना, अशाच खोलीत वाढलेय मी.

पालेभाजीची एक जुडी घ्या. आई कामावरून संध्याकाळी सात-साडेसातला येणार. जुडी मोकळी करा, पिवळी पानं काढा, देठं खुडा, अर्धा तास त्यातच. मग माती जाईपर्यंत तीन पाण्यातून काढा, आणि पाणी म्हणजे सकाळी रांगेत उभं राहून भरलेलं, त्यातच भांडी, त्यातच हातपाय. एवढं करून कढईत टाकली की जुडीची मूठभर होते आणि खाणारी तोंडं पाच. शेगडी एकच, तिच्यावर आधी भात, मग डाळ, मग ही. तेवढ्या वेळात धाकटा भुकेने पाय आपटत असतो म्हणून त्याच्या हातात बिस्किटाचा पुडा दिला जातो आणि जेवण तयार होईपर्यंत त्याची भूक मेलेली असते. आता त्याने भाजीकडे बघून तोंड वाकडं केलं तर ती टाकायची, कारण फ्रिज नाही, सकाळपर्यंत आंबणार. तुमच्या कागदावरच्या हिशोबात ही टाकलेली भाजी धरलीय का, आणि कडधान्य शिजायला जाणारा गॅस? बिस्किटाचा पुडा कधी वाया जात नाही हो. आंबत नाही, निवडावा लागत नाही, पोरगं नको म्हणत नाही.

लहान मूल नवीन भाजी पहिल्या घासाला क्वचितच खातं, आठ-दहा वेळा, कधीकधी पंधरा वेळा समोर आली की मग हळूहळू आवडायला लागते, हे बालआहारातलं ठरलेलं ज्ञान आहे. बरी परिस्थिती असलेल्या घरात ती पहिली आठ वेळा टाकून देता येतात. ज्या घरात टाकलेल्या ताटाच्या बदल्यात दुसरं काही नसतं तिथली आई पहिल्याच नकाराला थांबते आणि पोरगं खात्रीने खाईल तेच आणते. बॉस्टनच्या परिसरातल्या कुटुंबांवर २०१६ साली एक अभ्यास छापून आला होता, त्यात नेमकं हेच दिसलं, कमी उत्पन्नातले पालक वाया जाईल या भीतीने मुलांना नवीन पदार्थ देऊनच बघत नव्हते. म्हणजे भाजी चांगली असते हे त्या बाईला तुमच्या-माझ्याइतकंच माहीत असतं. जोखीम परवडत नसते.

अजून एक, हे मी आई झाल्यावर समजले. दिवसभर पोरांना नाहीच म्हणायचं असतं, नवे बूट नाही, सहल नाही, सायकल नाही. वेफर्सचं छोटं पाकीट ही एकच गोष्ट असते जिला हो म्हणता येतं. त्यावर तक्ता घेऊन जाणार असाल तर जपून जा.

आणि तंबाखूचं म्हणाल तर तिने भूक मरते. काहीजण त्यासाठीच खातात. व्यसन वाईटच, पण सकाळी चहावर निघालेला माणूस दुपार कशावर काढतो हे पण बघा.

जुना_कार्यकर्ता:
सावलीताईंनी लिहिलंय ते कुठल्याही व्याख्यानापेक्षा कामाचं आहे, खिडकीपाशी, ते प्रिंट काढून ग्रुपमध्ये वाचा.

आता तुमच्या तिसऱ्या रस्त्याबद्दल. व्हिएतनाममध्ये १९९० च्या अखेरीला जेरी आणि मोनिक स्टर्निन हे जोडपं सेव्ह द चिल्ड्रन संस्थेतर्फे गेलं होतं. तिथल्या सरकारने सांगितलं, सहा महिन्यांत कुपोषणावर काहीतरी करून दाखवा नाहीतर परत जा. पैसा नाही, धान्य वाटायची सोय नाही, भाषासुद्धा धड येत नाही. पाणी, गरिबी, शौचालयं हे सगळं सुधारल्याशिवाय पोरं सुधारणार नाहीत असं सगळे तज्ज्ञ सांगत होते आणि ते खरंही होतं, पण सहा महिन्यांत ते होणार कसं. मग त्यांनी थान्ह होआ प्रांतातल्या काही गावांत बायकांकडूनच सगळ्या मुलांची वजनं करून घेतली आणि एकच विचारलं, अगदी गरीब घरातलं असूनही ज्याचं वजन बरं आहे असं एखादं पोरगं आहे का? होती तशी. मग त्या घरांत जाऊन बसले आणि नुसतं बघितलं.

त्या घरांत काय होत होतं? भातशेतीच्या पाण्यात मिळणारे बारीक झिंगे आणि खेकडे, आणि रताळ्याच्या वेलाचा पाला, हे मुलाच्या जेवणात पडत होतं. फुकट मिळणाऱ्या गोष्टी, पण बाकीचे लोक त्या हलक्या समजायचे किंवा लहान मुलाला बाधतात म्हणून द्यायचे नाहीत. दुसरं, बाकी घरांत दिवसातून दोनदा जेवण आणि या घरांत तेवढंच अन्न तीन-चार वेळा विभागून. लहान पोटात एका वेळी मावतं किती? तिसरं, भरवण्याआधी हात धुणं, आणि जुलाब झाले तरी खाणं बंद न करणं.

आणि मग त्यांनी याचं व्याख्यान केलं नाही, हे महत्त्वाचं. कमी वजनाच्या मुलांच्या आयांना शेजारच्या घरात एकत्र स्वयंपाकाला बोलवलं आणि यायची फी एकच, येताना मूठभर झिंगे-खेकडे आणि पाला घेऊन यायचं. दोनेक आठवडे रोज. गोळा करायचा, शिजवायचा, भरवायचा हाताला सराव झाला आणि पोरगं खातंय हे आईने डोळ्यांनी बघितलं. सावलीताई म्हणतात ती जोखीम तिथे चौघींत वाटली गेली, एकाच्या घरात वाया गेलं असं झालंच नाही.

तुम्हाला झिंगे शोधायचे नाहीयेत हे लक्षात ठेवा. तुमच्या वस्तीतली अशी घरं शोधायची आहेत. कमाई तेवढीच, पोरं तेवढीच, खोली तशीच, पण मुलं तरतरीत. निवडताना काटेकोर राहा, गावाकडून धान्य येणारं घर किंवा घरात एकच मूल असलेलं घर घेतलंत तर बाकीचे म्हणतील त्यांचं काय जातंय, आणि बरोबरच म्हणतील.

खिडकीपाशी:
सावलीताई, दादा, खूप आभार. ग्रुपवर टाकलं, एरवी भांडणारे दोन्ही गट गप्प आहेत, हेच मोठं यश.

दोन शंका. अशी घरं ओळखायची कशी, आम्ही बाहेरचे, घरात डोकावायचा हक्क काय आमचा? आणि ते आई जाड पोरगं बारीक, त्याचं कुणी सांगेल का?

तराजू:
आहारतज्ज्ञ आहे, ज्यांना बोलवायचं का नाही यावर तुमच्यात वाद चाललाय त्यांच्यातलीच एक 😄 व्याख्यानाला मात्र मी स्वतःच नाही म्हणेन. समोर बसलेल्या बायका माना डोलावतात, टाळ्या वाजवतात आणि घरी जाऊन आधी होतं तेच करतात, कारण घरी शेगडी एकच असते.

आई आणि पोरगं हे कोडं नाहीये, एकाच ताटाची दोन टोकं आहेत. सगळ्यात स्वस्त उष्मांक कशातून मिळतात, तर तेल, साखर, मैदा, पांढरा भात. पोट भरतं, वजन वाढतं, पण प्रथिनं, लोह, जीवनसत्त्वं त्यात फार थोडी. मोठ्या माणसात त्याची चरबी होते आणि रक्त कमीच राहतं, म्हणजे जाड दिसणारी बाई खरंतर उपाशीच असते एका अर्थी. लहान मुलाचं पोट लहान, पातळ डाळभाताच्या चार घासांत ते भरतं, आणि वाढीला लागतं ते त्यातून मिळत नाही. म्हणून एकच सल्ला सगळ्या घराला देता येत नाही. सहा महिन्यांच्या पुढच्या बाळाच्या घासात चमचाभर तेल घाला, घट्ट कालवा, दिवसातून तीन-चारदा द्या असं मी सांगते, आणि त्याच घरातल्या आईला तेल कमी करा म्हणते. ऐकणाऱ्याला वाटतं या बाईचं काहीतरी बिनसलंय. (बाळाला पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, पुढे वरचं खाणं सुरू करून दूध दोन वर्षांपर्यंत किंवा पुढेही, हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित.)

रक्ताचं. डाळी, पालेभाज्या यांतलं लोह शरीर नीट शोषून घेत नाही, पण त्याच जेवणात आंबट फळ किंवा लिंबाचा रस असला तर बरंच जास्त शोषलं जातं. लिंबू शिजवताना घालू नका, वरून पिळा, उष्णतेने सी जीवनसत्त्व जातं. आणि उलट काम चहा करतो, जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर घेतला तर लोहाची वाट अडवतो. तासाभराचं अंतर ठेवलं तरी पुष्कळ. माझ्या अनुभवात बायका हा बदल सगळ्यात पटकन करतात कारण यात पैसे लागत नाहीत, निवडायला बसावं लागत नाही आणि नवऱ्याची परवानगी लागत नाही. पण रक्त फारच कमी असेल तर लिंबू पिळून भागणार नाही, तपासणी आणि गोळ्याच लागतात, तिथे घरगुती उपायांत वेळ घालवू नका.

आकडे हवेच असतील तर जागतिक आरोग्य संघटनेचे घ्या. मोठ्या माणसाला दिवसाला फळं-भाज्या मिळून किमान ४०० ग्रॅम, आणि यात बटाटा धरायचा नाही. मीठ ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट एक चमचा, त्यात वेफर्स-फरसाणातलंही आलं. वरून घातलेली साखर ५० ग्रॅमच्या आत आणि जमलं तर २५ च्या आत. कोलाच्या ३३० मिलीच्या एका कॅनमध्येच साधारण ३५ ग्रॅम साखर असते. मुलांसमोर तेवढी साखर चमच्याने ग्लासात टाकून दाखवा, बोलू काहीच नका. ४०० ग्रॅमचा आकडा मात्र वस्तीत सांगू नका प्लीज. पाच माणसांच्या घराला रोज दोन किलो भाजी-फळं, हे ऐकून समोरची बाई उठून जाईल आणि तिचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. आज आहे त्यात एक मूठ वाढवायची, एवढंच बोला.

गल्लीतला:
सगळं छान चाललंय पण पैशाचा मुद्दा हळूच बाजूला सरकतोय असं वाटतं. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ साली जगात २८० कोटींहून जास्त लोकांना सकस आहार परवडतच नव्हता. सवयी बदलूनही परवडत नव्हता, असं म्हणतोय मी. त्यामुळे दुसऱ्या गटाला अगदीच उडवून लावू नका.

मात्र पाकीट देऊ नका. पाकिटात काय असावं ते तुम्ही ठरवणार, आणि ते त्यांच्या शेगडीला, वेळेला, पोरांच्या तोंडाला जुळेल याची काय खात्री. त्यापेक्षा भाजी-फळं स्वस्त करा. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये २०११-१२ ला एक प्रयोग झाला, सरकारी अन्न-मदत घेणाऱ्या घरांनी भाजी-फळांवर एक डॉलर खर्च केला की ३० सेंट परत खात्यात. ती माणसं बाकीच्यांपेक्षा साधारण २६ टक्के जास्त भाजी-फळं खायला लागली. कुणी उपदेश केला नाही, कुणाला कमीपणा वाटला नाही, दुकानात जाऊन स्वतःच्या पसंतीने घेतलं.

उलट नुसतं दुकान जवळ आणून फारसं होत नाही. तिथेच वर्षानुवर्षं समजूत होती की गरीब भागात चांगली दुकानं नाहीत म्हणून लोक वाईट खातात. २०१९ साली एक मोठा अभ्यास आला, त्यात दिसलं की सगळ्यांना सारखीच दुकानं आणि सारखेच भाव मिळाले तरी गरीब-श्रीमंतांच्या आहारातला फरक दहा टक्क्यांच्या आसपासच कमी होईल. बाकीचा फरक उत्पन्न, शिक्षण, वेळ, चव या सगळ्यातून येतो. आणि थंड पेयांवर मेक्सिकोने २०१४ ला लिटरमागे एक पेसो कर लावला तेव्हा पहिल्याच वर्षी खप खाली आला, आणि तो सगळ्यात जास्त गरीब घरांत उतरला. भाव हलला की माणूस हलतो, दोन्ही बाजूंनी.

तुमच्या पातळीवर करता येण्यासारखं: वस्तीच्या तोंडाशी जे दुकान असेल तिथल्या मालकाशी बसा. रोजंदारीवरचा माणूस महिन्याचं सामान भरत नाही, रोजच्या रोज पुडी घेतो, त्यामुळे किलोच्या हिशोबाने त्याला महाग पडतं, आणि हातात पैसे नसले की उधारीवर घेतो, म्हणजे दुकान बदलायची सोयही नसते. दुकानदार नासणारा माल ठेवत नाही, त्याचंही बरोबर आहे. तुम्ही वर्गणीतून एवढंच कबूल करा की केळी, अंडी, टोमॅटो ठेव, संध्याकाळपर्यंत उरलं तर नुकसान आमचं. आणि भाजलेले शेंगदाणे-फुटाणे वेफर्सच्याच किमतीच्या छोट्या पाकिटांत, वेफर्सच्याच माळेत, पोराच्या डोळ्यासमोर येतील असे टांगायला सांगा. पोरगं हातात नाणं घेऊन उभं असतं तेव्हा ते माळेकडे बघतं, तुमच्या तक्त्याकडे नाही.

स्पष्टवक्ता:
शेंगदाण्याची आयडिया आवडली. बाकी सगळं पटलं असं नाही, माझ्या ओळखीत अशी घरं आहेत जी त्याच कमाईत नीट खातात.

जुना_कार्यकर्ता:
अहो मग तीच तर घरं हवीयत! पत्ता खिडकीपाशी यांना देऊ नका, आधी त्या घरांना विचारा.

खिडकीपाशी, हक्क काय या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. तुम्ही डोकावूच नका. वस्तीतल्या बायकांना विचारा, कुणाची पोरं आजारी कमी पडतात, कुणाच्या घरचं सगळं पोरं मुकाट्याने खातात, त्यांना बरोबर माहीत असतं. मग त्यांच्यातल्याच दोघी-तिघी जाऊन बसू देत. त्यांनी काय बघायचं तर बारीकसारीक. बाजारात किती वाजता जाते, कोण निवडून देतं, मूल आईच्या ताटात जेवतं का वेगळं, बापही भरवतो का, भूक लागल्यावर आणि जेवण होईपर्यंतच्या मधल्या वेळात हातात काय पडतं. माझा अंदाज सांगू? खरी भानगड या मधल्या वेळातच असते. एका ठिकाणी बघितलं होतं, बाई सकाळच्या डब्याबरोबरच मूठभर कडधान्य जास्त शिजवून मीठ घालून झाकून ठेवायची, संध्याकाळी पोरं खेळून आली की वाटीत तेच, त्यात कांदा-लिंबू. बिस्किटाचा पुडा त्या घरात बंद केला नव्हता कुणी, त्याची वेळच येत नव्हती.

दुपारची_सावली:
हे आमच्या शेजारी व्हायचं! फक्त उन्हाळ्यात सकाळचं शिजवलेलं संध्याकाळी वास मारतं, तेव्हा त्या दिवसांत नुसतं भिजवून मोड आणा, पोरं खेळून आली की पाच-दहा मिनिटं वाफवा. मोड आलेलं लवकर शिजतं, गॅस वाचतो. लहान पोरांना कच्चे मोड देऊ नका मात्र, पोट बिघडतं.

खिडकीपाशी:
ग्रुपमध्ये ठरलं ते सांगतो. व्याख्यान रद्द. वर्गणी निघतेय ती दुकानदाराच्या नासक्या मालासाठी आणि एकत्र स्वयंपाकाच्या गॅससाठी ठेवू. अभ्यासाला येणाऱ्या मुलांच्या आयांपैकी तिघींशी बोलणं झालं, त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, स्वयंपाक कुणाच्या घरी आणि भांडी कोण घासणार. त्याचं उत्तर आमच्याकडे नव्हतं, ग्रुपमधल्या पुरुषांनी घासायची असं आता ठरतंय, बघू. तराजूताई, रक्ततपासणीचं कसं जमवायचं ते तुम्हाला मेसेज करतो.

तराजू:
करा. वजन-उंची नियमित घ्या, पण आकडे मोठ्याने वाचू नका आणि कुठल्या पोराचा कितवा नंबर असली भानगड नको. आणि फोटो काढू नका, स्वयंपाकाचेही नाहीत. वर्गणी देणारे मागतील, त्यांना दुकानदाराचं बिल पाठवा.